गुडघे कुठे ठेवायचे, बॉस?

स्वतः बांधलेली टू-सीटर, उघडं छप्पर, रविवारची सकाळ... आणि उंची सहा फूट दोन इंच! स्वप्न मोठं, कॉकपिट छोटं. अशा वेळी इंच कुठून चोरायचे आणि कुठून अजिबात चोरायचे नाहीत? चला, बघूया. व्हाया नगर!

लुनावर बसलेला उंच माणूस कधी पाहिलाय? गुडघे हँडलच्या दोन्ही बाजूंना, कोपरं पंखांसारखी बाहेर, चेहऱ्यावर मात्र राजाचा थाट. नगरकरांना हे दृश्य जरा जास्तच जवळचं. लुना बाजारात आली १९७२ मध्ये आणि कायनेटिकच्या कारखान्यामुळे तिचं नाव नगरशी कायमचं जोडलं गेलं. २०२४ मध्ये तिचा इलेक्ट्रिक अवतारही आला. (त्याच वर्षी अहमदनगरचं नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झालं. पण एसटीत बसल्यावर अजूनही सगळे 'एक नगर द्या' असंच म्हणतात!)

लुनाची एक मोठी सोय होती. जागा पुरत नसेल तर गुडघे बाहेर काढा, विषय संपला. स्पोर्ट्स कारमध्ये ही सोय नाही. तिथे गुडघ्याच्या वर स्टिअरिंग, डोक्याच्या मागे लोखंडी कमान, पायाखाली पत्रा आणि पत्र्याखाली रस्ता. माणूस मावला तर मावला, नाहीतर हजारो रुपयांचं वेल्डिंग पाण्यात.

आणि घरी गाडी बांधायचं वेड आपल्याकडे आहे, बरं का! सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि ती नियमात बसत नाही, हेही सांगितलं. बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. दुसरीकडे इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये रात्र रात्र जागून फॉर्म्युला कार बांधणारी पोरं-पोरी आहेत. आणि तिसरीकडे तुम्ही! ऑफिसच्या लॅपटॉपवर चॅसीची ड्रॉइंग उघडून बसलेले.

ही ड्रॉइंग बहुतेक वेळा एकाच घराण्यातली असतात. १९५७ ची लोटस सेव्हन हे मूळ घराणं. लांब नाक, उघडी चाकं, दोन सीट, बाकी काही नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉन चॅम्पियन नावाच्या शिक्षकाने तशीच गाडी २५० पौंडांत घरी कशी बांधायची, याचं पुस्तक काढलं आणि जगभरात 'लोकॉस्ट' नावाची जमात जन्माला आली. एक इंची चौकोनी पाईप, वेल्डिंग मशीन, भंगारातलं इंजिन आणि भरपूर उत्साह. फक्त एक घोळ होता. उंच मंडळींना त्या नकाशातलं कॉकपिट चपलेच्या चुकीच्या नंबरासारखं चावायला लागलं. मग हौशी लोकांनी त्याच नकाशाच्या चार-चार इंच वाढवलेल्या आवृत्त्या काढल्या. खुद्द सेव्हनचा वारसा चालवणाऱ्या केटरहॅम कंपनीलाही नेहमीपेक्षा ११० मिलिमीटर रुंद चॅसी आणावी लागली आणि उंच गिऱ्हाइकांसाठी खाली उतरवलेल्या फ्लोअरचा पर्याय द्यावा लागला.

सरासरी माणूस भेटलाय का कुणाला?

नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर टी-५५ समोर दोन मिनिटं थांबा. सोव्हिएत डिझायनरांना रणगाडा बुटका हवा होता, कारण बुटक्या रणगाड्यावर नेम धरणं अवघड. आत जागा कमी पडली, तर त्यांनी सोपा उपाय केला. रणगाड्यात बसायला माणसंच बुटकी निवडायची! यंत्र आधी, माणूस नंतर.

अमेरिकन हवाई दलाने आधी वेगळी चूक केली. त्यांनी कॉकपिट 'सरासरी' वैमानिकाच्या मापाने बनवलं. मग १९५० च्या सुमारास गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं. या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती निघाले? शून्य! त्यानंतर हळूहळू सरकणाऱ्या सीट आणि हलवता येणारे पेडल यांचा जमाना सुरू झाला.

तुमच्या गाडीसाठी यातून घ्यायचा फंडा एकच. 'मी सहा-दोन आहे' एवढी माहिती कुचकामी आहे. सहा-दोनचे दोन मित्र शेजारी बसवून बघा. एकाचं डोकं दुसऱ्याच्या वर दोन इंच निघू शकतं, कारण एकाची उंची पाठीत असते आणि दुसऱ्याची पायात. ज्याची पाठ लांब त्याचा प्रॉब्लेम छप्पर आणि कमान. ज्याचे पाय लांब त्याचा प्रॉब्लेम पेडल आणि स्टिअरिंग. इलाजही वेगळे. म्हणून शिंप्याकडे जातो तसं करायचं. आधी माप, मग कापड. इथे कापड म्हणजे पाईप, आणि कापलेला पाईप परत जोडला तरी तो पूर्वीसारखा राहत नाही.

पर्सीला भेटा

हे काम सर्वांत शिस्तीत कोण करतं, सांगू? आपलीच कॉलेजची मुलं. आयआयटी मुंबई, सोमय्या, पुण्याचं सीओईपी अशा कॉलेजांच्या टीम फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी सिंगल सीटर बांधतात. २०११ मध्ये सुप्रा एसएईइंडिया सुरू झाली, पुढे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत रंगू लागली. या स्पर्धांच्या नियमांत एक भन्नाट पात्र आहे. त्याचं लाडकं नाव पर्सी.

पर्सी म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांपेक्षा मोठा असा कागदी माणूस. कमरेच्या जागी २०० मिलिमीटरचं वर्तुळ, खांद्याच्या जागी २०० चं, हेल्मेटसकट डोक्याच्या जागी ३०० चं. कमरेपासून खांद्यापर्यंत ४९० आणि खांद्यापासून डोक्यापर्यंत २८० मिलिमीटर. कमरेचं वर्तुळ पेडलपासून किमान ९१५ मिलिमीटर मागे. टीमची ड्रायव्हर पाच फुटांची मुलगी असली तरी गाडीत हा पर्सी बसलाच पाहिजे. पुढची आणि मागची कमान यांच्या माथ्यांवर एक सरळ काठी आडवी ठेवली, तर हेल्मेट त्या काठीच्या किमान ५० मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे. का? गाडी उलटली तर जमिनीला आधी लोखंड लागावं, डोकं नव्हे. एवढं साधं.

हीच आपल्या गोष्टीची मेख. उंच ड्रायव्हरला गाडीत बसवणं हा ऐसपैस बसण्याचा मामला नाही. दोन इंच उंच बसलं की वारा जास्त लागतो, एवढ्यावर ते थांबत नाही. त्या दोन इंचांत कमान निरुपयोगी होते.

चॅम्पियन लोकांचेही गुडघे अडकतात

मनाला लावून घेऊ नका, मोठ्या मोठ्यांचं हे झालंय. फोर्ड जीटी-४० मधला '४०' हा आकडा गाडीच्या उंचीवरून आला. जमिनीपासून छपरापर्यंत फक्त ४० इंच! १९६७ च्या ल माँ शर्यतीसाठी या घराण्यातली मार्क फोर गाडी तयार झाली, पण ड्रायव्हर डॅन गर्नी होता सहा फुटांहून चांगलाच उंच. हेल्मेट छपराला लागायला लागलं. मग छपरात डोक्यापुरता एक फुगवटा काढला. आजही तो 'गर्नी बबल' नावाने ओळखला जातो. गर्नी आणि ए. जे. फॉईट यांनी ती शर्यत जिंकली आणि जिंकल्यावर गर्नीने शॅम्पेन हलवून सगळ्यांवर उडवली. पोडियमवर शॅम्पेन उडवायची प्रथा तिथून पडली म्हणतात.

जस्टिन विल्सन एवढा नशीबवान नव्हता. उंची १.९२ मीटर. २००२ मध्ये मिनार्डी टीमला तो फॉर्म्युला वनमध्ये हवा होता, पण तो गाडीत मावलाच नाही, संधी दुसऱ्याला गेली. २००३ मध्ये त्याच्या मापाची गाडी बनली, तेव्हा कुठे तो ग्रिडवर दिसला. टॅलेंट तेच, फरक फक्त काही सेंटिमीटरचा.

इंच कुठे सापडतात?

आता कामाचं बोलू. गणित सहा-दोन म्हणजे १८८ सेंटिमीटरच्या माणसाचं धरू. ताठ बसल्यावर सीटपासून डोक्यापर्यंतची उंची साधारण एकूण उंचीच्या ५२ टक्के, म्हणजे ९७-९८ सेंटिमीटर. वर हेल्मेट.

सीट : पहिली चोरी इथे. बाजारातल्या सीटखाली सरकायचे रूळ असतात आणि आत जाड फोम. गाडी एकट्यासाठीच असेल तर रूळ काढा, सीट सरळ फ्लोअरवर बोल्ट करा. दोन-तीन सेंटिमीटर मिळाले. फोम पातळ केला की आणखी काही. त्याहून झक्कास म्हणजे ओतलेली सीट. दोन द्रव मिसळून फुगणारा पॉलियुरेथेन फोम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतायचा, वर ड्रायव्हरने बसायचं आणि तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. सीट तुमच्या पाठीच्या मापाची होते. मात्र हा फोम तापतो आणि त्याची वाफ छातीला वाईट, त्यामुळे मोकळ्या हवेत, हातमोजे आणि योग्य मास्क घालूनच.

पाठीचा कोन : पाठ सरळ उभी न ठेवता तीस अंश मागे टेकवली तर डोकं खाली येतं. कागदावर वाटतं तेरा सेंटिमीटर मिळतील. पण रस्ता बघायला मान सरळच ठेवावी लागते, त्यामुळे हातात येतात आठ-नऊ. तेही काही कमी नाहीत! पण मागे टेकलं की पाय पुढे सरकतात, म्हणजे लांब पायवाल्यांना हा सौदा महागात पडतो.

फ्लोअर : सीटखालचा पत्रा चॅसीच्या पाईपांच्या खाली तीन-चार सेंटिमीटर उतरवता येतो. ट्रॅकवर ठीक. रस्त्यावर मात्र आपले स्पीडब्रेकर आठवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, छान गोलाकार असतो. गावोगावचे गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले नसतात, हे नगर-मनमाड रस्त्यावरून गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. आणि उतरवलेल्या पत्र्याच्या वर तुमचं माकडहाड आहे, हे विसरू नका.

पेडल : पेडलचा संच खाचा असलेल्या पट्टीवर बसवा, म्हणजे पुढे-मागे करता येईल. तीन पेडलमध्ये बुटाला जागा आहे का, ते तुमच्याच बुटाने बघा. अकरा नंबरचा बूट एकाच वेळी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबतोय, हे चौकात कळलं तर उशीर झालेला असतो.

स्टिअरिंग : मांडी अडकते ती इथे. लहान व्यासाचं, खालून सपाट असलेलं चाक आणि पटकन निघणारा हब लावला की आत-बाहेर करणं सोपं होतं. कॉलम थोडा वर उचलता येतो, पण मधला युनिव्हर्सल जॉइंट फार वाकला की स्टिअरिंग अडखळत फिरतं. स्टिअरिंग पूर्ण फिरवताना गुडघा आडवा येत नाही ना, हे दोन्ही बाजूंना बघा.

काच : हिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. उंच माणसाच्या डोळ्यांसमोर नेमकी काचेची वरची फ्रेम येते. म्हणजे समोरचा ट्रकच गायब! एक तर काचेतून नीट बघता आलं पाहिजे, नाहीतर पूर्णपणे तिच्यावरून. अधलंमधलं काही चालत नाही.

इथे हात लावायचा नाही

तीन जागा अशा आहेत जिथे इंच चोरले की हिशेब शरीराशी होतो.

पहिली, कमान. डोकं काठीच्या वर जात असेल तर कमान उंच करायची. पण आहे त्या कमानीवर तुकडा वेल्ड करून नाही! अख्खी नवी कमान, मागच्या टेकूंसकट. स्टुडंट फॉर्म्युलाच्या नियमांत मुख्य कमानीला साधारण एक इंची, जवळपास अडीच मिलिमीटर जाडीचा गोल स्टील पाईप लागतो. गेटला वापरतात तो उरलेला पाईप इथे चालत नाही.

दुसरी, पट्टे. खांद्यावरचे पट्टे मागे जिथे बांधलेत ती जागा खांद्याच्या जवळपास समपातळीत हवी. स्पर्धेचे नियम सांगतात, आडव्या रेषेच्या फार तर १० अंश वर किंवा २० अंश खाली. बुटक्या ड्रायव्हरसाठी बनवलेल्या गाडीत उंच माणूस बसला की पट्टे खांद्यावरून सरळ खाली ओढले जातात. धडक झाली तर ते पाठीचा कणा दाबतात. वाचवणारी वस्तूच मारायला उठते.

तिसरी, पाय. पेडल पुढे ढकलत ढकलत लोक पुढच्या चाकांच्या रेषेपुढे जातात. फॉर्म्युला वनमध्येही पूर्वी असंच चालायचं. ड्रायव्हरांचे पाय मोडायचे. १९८८ पासून नियम आला की पाय पुढच्या चाकांच्या मधल्या रेषेच्या मागेच हवेत. जी गोष्ट त्या पैशावाल्यांनी सोडून दिली, ती आपण घरच्या शेडमध्ये का करायची?

मग लांब पायवाल्याने काय करायचं? उत्तर आवडणार नाही, पण खरं आहे. चॅसीच लांब करायची. म्हणूनच माप आधी.

आणि आता नगरचा खरा गड

समजा सगळं जमलं. गाडी बांधून झाली, गुडघे मावले, डोकं काठीखाली. आता निघायचं पुण्याला?

थांबा. भारतात गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार तिच्या नमुन्याची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेत व्हावी लागते. या यादीत पुण्याची एआरएआय आहे, सीआयआरटी आहे आणि आपल्या नगरची व्हीआरडीईसुद्धा. डीआरडीओची ही प्रयोगशाळा मूळची रावळपिंडीजवळच्या चकलाला इथली, १९४७ मध्ये नगरला आली. लष्कराच्या गाड्या इथे घासूनपुसून बघितल्या जातात आणि बाहेरच्या वाहनांच्या चाचण्याही होतात. म्हणजे ज्या जिल्ह्यात तुम्ही शेडमध्ये पाईप कापताय, त्याच जिल्ह्यात देशातल्या गाड्यांना पास-नापास करणारं एक परीक्षा केंद्र आहे. पण ही परीक्षा कंपन्यांच्या मॉडेलसाठी आखलेली. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी तपासून पास करायची पद्धत आहे. आपल्याकडे हौशी माणसाच्या एकुलत्या गाडीसाठी असा वेगळा, परवडणारा मार्ग नाही.

मग 'जुन्या गाडीची चॅसी आणि आरसी वापरू, वरून बॉडी बदलू' ही आयडिया? तीही विसरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मूड ऑफ करायचा हेतू नाही, बॉस. उलट यातच मजा आहे. घरची स्पोर्ट्स कार ही ट्रॅकची गाडी आहे, असं पहिल्या दिवशीच ठरवलं की निम्मे तंटे सुटतात. फ्लोअर खाली उतरवता येतं, कारण स्पीडब्रेकर नाही. काच काढून टाकता येते, कारण हेल्मेट आहे. फक्त तिला ट्रेलरवर टाकून ट्रॅकपर्यंत न्यायचं आणि तिथल्या तपासणीत पास करून घ्यायचं.

पाईप कापण्याआधी : पाच कामं

• खोका गाडी बनवा. प्लायवुड, पुठ्ठा, जुनी सीट आणि दोन विटा. पेडल, स्टिअरिंग, कमान सगळं खोटं, पण मापं खरी.

• बूट, हेल्मेट, जॅकेट सगळं घालून बसा. अनवाणी घेतलेलं माप हे अर्धं माप.

• पुढच्या-मागच्या कमानीच्या माथ्यांवर सरळ पट्टी ठेवा आणि मित्राला बाजूने फोटो काढायला सांगा. हेल्मेट आणि पट्टी यांत दोन इंच दिसले पाहिजेत.

• अर्धा तास बसून राहा. पाच मिनिटांत सगळ्याच सीट छान वाटतात. मुंग्या येतात त्या विसाव्या मिनिटाला.

• स्टॉपवॉच लावा. पट्टे सोडून, स्टिअरिंग काढून बाहेर पडायला किती सेकंद? स्टुडंट स्पर्धांत ५ सेकंदांची मुदत असते. आग लागल्यावर लांब पाय दुमडत बसायला कुणी वेळ देत नाही.

या खोका गाडीला हजार-दोन हजार रुपये आणि एक वीकेंड लागेल. गंमत म्हणजे हौशी प्रोजेक्टमधली हीच पायरी सगळे गाळतात, कारण प्लायवुडमध्ये बसलेला फोटो मित्रांना पाठवायला लाज वाटते. ठिणग्या उडवतानाचा फोटो कसा कूल दिसतो!

पण विचार करा. शोरूममधली गाडी लाखो लोकांसाठी बनते, तिथे तुमची उंची हा तुमचा प्रॉब्लेम असतो. सेल्समन 'सर, सीट अजून मागे जात नाही' असं म्हणून मोकळा होतो. स्वतः बांधलेली गाडी ही जगातली एकमेव गाडी, जिचं माप तुमच्या हाडांवरून घेता येतं. तो हक्क वापरायचा की दुसऱ्याच्या नकाशात स्वतःला कोंबायचं, हे तुम्ही ठरवा. तोवर टेप घ्या आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसा. घरात कुणाला तरी हाक मारा. हे माप एकट्याने घेता येत नाही.